‘तिलाच कसा काय मिळाला?’ : मालिका, टीआरपी आणि चित्रपट पुरस्कारांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न प्रेक्षकांचेच आहेत. भाषाही बरीचशी त्यांचीच ठेवली आहे, फक्त शिव्या काढल्या आहेत. आवडत्या मालिकेचा आकडा घसरला किंवा नावडत्या नायिकेला पुरस्काराची बाहुली मिळाली की हेच वीस-पंचवीस प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून ते एका जागी आणले. जिथे आमचं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावं.

१. टीआरपी ५.८ आला म्हणतात. ५.८ काय? लाख, कोटी की टक्के?

टक्के. टीआरपी म्हणजे टेलिव्हिजन रेटिंग पॉइंट. पण ‘५.८ टक्के लोकांनी मालिका बघितली’ असा त्याचा सरळ अर्थ होत नाही, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. मालिका चालू असताना दर मिनिटाला सरासरी किती माणसं टीव्हीसमोर होती, याचा तो हिशोब आहे.

उदाहरणादाखल चाळीतला एक मजला घ्या. टीव्ही असलेल्या घरांतली मिळून दहा माणसं. साडेआठच्या मालिकेला चौघं पूर्ण अर्धा तास बसली. दोघं पंधरा मिनिटं बघून कुकर लावायला उठली. उरलेल्या चौघांनी बघितलीच नाही. चार गुणिले तीस म्हणजे १२० मिनिटं, दोन गुणिले पंधरा म्हणजे ३०. एकूण १५०. त्याला मालिकेच्या ३० मिनिटांनी भागलं की येतात पाच माणसं. दहापैकी पाच, म्हणजे रेटिंग ५०. बघणारे सहा होते, मोजले गेले पाच. ते एक माणूस कुकरने खाल्लं.

चॅनेलवाले शेवटच्या सीनपर्यंत तुम्हाला खुर्चीला बांधून ठेवायला का धडपडतात, ते यावरून कळेल. नुसतं डोकावून गेलेल्या प्रेक्षकाची किंमत फार थोडी असते. (गोष्ट पुढे का सरकत नाही, त्याची मुळंही इथेच आहेत. प्रश्न ६ पाहा.)

आणखी एक खबरदारी. फिरणाऱ्या तक्त्यांत कधी फक्त शहरी प्रेक्षक असतात, कधी शहर आणि गाव मिळून, कधी पंधरा वर्षांवरचेच. एका तक्त्यातला ५.८ आणि दुसऱ्यातला ५.२ शेजारी ठेवून ‘मालिका आपटली’ म्हणण्याआधी दोन्ही तक्त्यांच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचा. काहीच लिहिलेलं नसेल, तर तो तक्ता विसरा.

२. आमच्या घरी आजवर कुणी विचारायला आलं नाही. मग आमचं बघणं मोजतात तरी कसं?

बहुतेक मोजत नाहीत. मोजणी ‘बार्क’ म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल ही संस्था करते. देशभरात पन्नास हजारांहून जास्त निवडक घरांत तिची मीटर बसवलेली आहेत. चॅनेलच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती खूण टिपतं आणि कुठलं चॅनेल चालू आहे ते ओळखतं. समोर कोण बसलंय हे कळावं म्हणून घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण असतं. आजी उठली की तिने आपलं बटण दाबायचं, पाहुणा आला तर पाहुण्याचं.

ही घरं कोणती ते गुप्त ठेवतात. तुमच्याकडे मीटर नाही म्हणून तुमच्या आवडीला किंमत नाही, असं नव्हे. तुमच्यासारखं वय, वस्ती आणि राहणीमान असलेलं एखादं घर नमुन्यात असतं, अशी त्यामागची कल्पना. भात शिजला का बघायला दोन शितं दाबतात, तसं.

२०२० साली मुंबई पोलिसांनी टीआरपीत फेरफार झाल्याचं प्रकरण हाती घेतलं होतं. त्यानंतर बातम्यांच्या चॅनेलांचे साप्ताहिक आकडे बंद झाले, ते मार्च २०२२ मध्ये परत आले. मालिकांच्या चॅनेलांचे आकडे त्या काळातही चालू होते. ही दोन प्रकरणं एकात मिसळू नका.

३. रविवारच्या महाएपिसोडचा टीआरपी सोमवारी सकाळीच ग्रुपवर येतो. तो खरा असतो का?

नाही. बार्कचा आठवडा शनिवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतो आणि त्याचे आकडे पुढच्या गुरुवारी येतात. म्हणजे रविवारच्या महाएपिसोडचा निकाल अकरा दिवसांनी. सोमवारी सकाळी जे फिरतं, ते कुणाच्या तरी मनातलं असतं.

४. मी मालिका लोकलमध्ये मोबाईलवर बघते, चर्चगेट ते विरार. ते धरतात का?

टीआरपीत धरत नाहीत, तो घरातल्या टीव्हीचाच असतो. झी५, जिओहॉटस्टार, सोनी लिव्हवरचं बघणं त्या त्या कंपनीला कळतं, पण त्यांचे आकडे दर गुरुवारी जाहीर होत नाहीत. समाजमाध्यमांवर दिवसरात्र गाजणारी जोडी तक्त्यात आठव्या नंबरावर का, याचं निम्मं उत्तर इथे आहे. तिचा प्रेक्षक तरुण असतो आणि तो घरच्या टीव्हीसमोर बसत नाही. मालिका वाचवण्यासाठी हॅशटॅग चालवण्यापेक्षा घरच्या टीव्हीवर लावा म्हणून आईला सांगणं परवडलं. अर्थात घरात मीटर असेल तरच.

५. आकडा बरा होता, तरी मालिका बंद केली. का?

‘बरा’ हा त्या वेळेच्या मानाने ठरतो. दुपारी एकला जो आकडा डोक्यावर घेऊन नाचतात, तोच रात्री आठला आला तर बैठका सुरू होतात. जाहिरात दहा सेकंदांच्या दराने विकली जाते आणि रात्री आठचा दर दुपारच्या दरापेक्षा बराच चढा असतो. त्याच वेळेला समोरच्या चॅनेलवर काय चाललंय, हेही बघतात.

शेवट जवळ आल्याच्या खुणा ओळखता येतात. आधी वेळ बदलते, मग आठवड्याचे भाग कमी होतात. नव्या मालिकेच्या प्रोमोत नेमकी तुमच्याच मालिकेची वेळ झळकते. त्यानंतर इतकी वर्षं दडवलेली सगळी गुपितं एका आठवड्यात फुटतात. खलनायिकेला बुधवारी पश्चात्ताप झाला, तर शनिवारी निरोप धरून चाला.

६. अर्ध्या तासात गोष्ट इंचभरही का सरकत नाही?

वेळेचा हिशोब मांडून बघा. केबल टीव्हीच्या नियमांनुसार तासाला बारा मिनिटं जाहिराती चालतात, त्यात चॅनेलच्या स्वतःच्या दोन मिनिटांच्या जाहिराती आल्या. अर्ध्या तासातून सहा मिनिटं गेली, राहिली चोवीस. शीर्षकगीताचा तुकडा, कालच्या भागाची उजळणी आणि उद्याची झलक वजा केली की हातात वीस-बावीस मिनिटं उरतात.

आता एक प्रसंग घेऊ. दिवाणखाना. सासूच्या हातात डॉक्टरांच्या रिपोर्टचं पाकीट. भोवती पाच जण. पाकीट उघडतं. सासूचा चेहरा, मग नायिकेचा, नवऱ्याचा, जावेचा, दारात ट्रे घेऊन थबकलेल्या मावशींचा. प्रत्येकी चार सेकंद. ढॅण. तीच फेरी पुन्हा, या वेळी कॅमेरा थोडा जवळ. पुन्हा ढॅण. तिसऱ्या फेरीला ट्रे पडतो. पाच चेहरे, चार सेकंद, तीन फेऱ्या म्हणजे साठ सेकंद. एक अख्खं मिनिट भरलं आणि संवादलेखकाला एक शब्दही लिहावा लागला नाही.

आळशीपणा म्हणून हे उडवून लावणं सोपं आहे. पण आठवड्याला सहा भाग, प्रत्येकी बावीस मिनिटं, म्हणजे १३२ मिनिटं होतात. पूर्ण लांबीचा एक चित्रपट दर आठवड्याला लिहायचा, बारा-बारा तासांच्या शिफ्टमध्ये शूट करायचा, संकलन करून चॅनेलला द्यायचा, आणि सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली आणि तीन हजारांहून जास्त भाग झाले. एवढ्या भागांत प्रत्येक मिनिटाला काही घडवायचं ठरवलं असतं, तर देशमुखांच्या घरात माणूस शिल्लक राहिला नसता.

दुसरं कारण स्वयंपाकघरातलं. मराठी मालिका पुष्कळदा टीव्हीकडे पाठ करून, नुसती ऐकून बघितली जाते. पोळ्या लाटणाऱ्या प्रेक्षकाचं काही हुकू नये म्हणून तीच गोष्ट तीनदा सांगतात. आमची तक्रार त्या पुनरुक्तीबद्दल नाही. उजळणीत एकदा, मधल्या जाहिरातीनंतर एकदा आणि दुसऱ्या दिवशी परत, असा एकच सीन तीन वेळा मोजून बिल लावतात, त्याबद्दल आहे.

७. चांगलं चाललेलं पात्र अचानक ‘बंगळुरूला’ का जातं?

कलाकाराच्या तारखा जमल्या नाहीत, आजारपण, नाटकाचा दौरा, मानधनावरून मतभेद, किंवा दुसरीकडे मोठं काम. मालिकांकडे आधी शूट करून ठेवलेल्या भागांची ‘बँक’ असते, पण रोजच्या मालिकेत ती दोन-चार भागांपलीकडे क्वचित जाते. त्यामुळे कलाकार सोमवारी आला नाही, तर गुरुवारपर्यंत गोष्टीत त्याला कुठेतरी पाठवावं लागतं. पहिली पायरी म्हणजे फोनवरचं एकतर्फी बोलणं: ‘हो हो, तू काळजी घे, इथलं मी बघते.’ मग परगाव. परतायचं लक्षण दिसलं नाही की नवा चेहरा येतो. तोही जमला नाही तर अपघात किंवा लीप, म्हणजे गोष्टीची काही वर्षं पुढे उडी.

फोनवरच्या बोलण्यात पलीकडचा आवाज ऐकू आला, तर कलाकार परत येणार आहे असं समजायला हरकत नाही. डबिंगला कुणीतरी आलं असणार.

८. ‘आई कुठे काय करते’ ही ‘अनुपमा’ची नक्कल आहे ना?

तारखाच बघा. ‘आई कुठे काय करते’ २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झाली, ‘अनुपमा’ १३ जुलै २०२० ला. मराठी आधीची आहे. मात्र दोघींचं माहेर बंगालीत. ‘श्रीमोयी’ ही मालिका २०१९ च्या जूनमध्ये स्टार जलसावर आली होती. एकाच समूहाच्या चॅनेलांत अशी देवाणघेवाण रीतसर चालते आणि तिला नक्कल म्हणत नाहीत. ‘ठरलं तर मग’चं मूळ तमिळ मालिका ‘रोजा’त आहे. उलट दिशेनेही प्रवास होतो. ‘होणार सून मी ह्या घरची’ हिंदीत ‘सतरंगी ससुराल’ झाली होती.

रिमेक असण्याला आमची हरकत नाही. हरकत आहे ती पात्रं मराठी पण घर बंगाली राहतं, तेव्हा. मुलुंडच्या मध्यमवर्गीय घरात सकाळी सात वाजता सून भरजरी साडीत दिसली की मूळ मालिकेचा शोध घ्यावा.

९. शूटिंग कुठे चालतं? बघायला जाता येईल का?

गोरेगावची दादासाहेब फाळके चित्रनगरी, मढ बेटावरचे बंगले, मीरा रोड, नायगाव, आणि ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतचे स्टुडिओ. गावाकडच्या मालिका सातारा, वाई, कोल्हापूरला जातात. ‘रात्रीस खेळ चाले’चा वाडा सावंतवाडीजवळ आकेरीचा. सेट बघायला सहसा सोडत नाहीत. संवाद तिथल्या तिथे ध्वनिमुद्रित होतो आणि मागे एक मोबाईल वाजला की टेक वाया जातो. चित्रनगरीची सहल मिळते, पण त्यात चालू शूटिंग दिसेलच असं नाही.

१०. मुलीला मालिकेत घेतो म्हणून ‘नोंदणी’चे पैसे मागितलेत. द्यावेत का?

देऊ नका. नोंदणी, पोर्टफोलिओ, ‘कलाकार कार्ड’, वर्कशॉप, नाव काहीही असो, काम देणारा काम करणाऱ्याकडून पैसे घेत नाही. खरी ऑडिशन कशी असते? पानभर संवाद देतात, मोबाईलवर किंवा ओशिवरा-अंधेरीच्या एखाद्या ऑफिसात चित्रीकरण होतं, नाव-उंची-वय कॅमेऱ्यासमोर सांगायचं आणि घरी यायचं. निवड झाली तर फोन येतो, नाही तर येत नाही. काम मिळालं तरी पैसे लगेच हातात पडत नाहीत. मालिकांत मानधन पुष्कळदा नव्वद दिवसांनी येतं, तेव्हा नोकरी सोडण्याआधी तीन महिन्यांच्या भाड्याची तजवीज करा.

११. मालिकेत दाखवलेलं आक्षेपार्ह वाटलं. तक्रार कुठे करायची?

आधी चॅनेलकडेच, लेखी. मालिकेचं नाव, तारीख, वेळ आणि नेमका प्रसंग लिहा. ‘संस्कृतीवर घाला’ एवढंच लिहिलेली तक्रार कुठेही पोचत नाही. २०२१ च्या नियमांनुसार चॅनेलने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत चॅनेल ज्या स्वयंनियमन संस्थेचं सदस्य आहे तिच्याकडे अपील करता येतं. तिला निर्णयासाठी ६० दिवस मिळतात. त्यानंतर केंद्र सरकार. मालिका कंटाळवाणी आहे, ही तक्रार यातल्या कुठल्याच पायरीवर चालत नाही.

१२. एवढे पुरस्कार आहेत. मोठा कुठला आणि घरचा कुठला?

मोठा-लहान ठरवण्याआधी तीन गोष्टी विचारा. शर्यतीत कोण होतं, निवड कुणी केली आणि खर्च कुणी उचलला? पुरस्कारांवरची निम्मी भांडणं ‘कुणाला मिळाला’ यावर होतात, पण उत्तर बहुतेकदा ‘उभं कोण होतं’ यात सापडतं.

राष्ट्रीय आणि राज्य पुरस्कार सरकारी, परीक्षकांनी दिलेले. फिल्मफेअर नियतकालिकाचा. मटा सन्मान वर्तमानपत्राचा, त्यात नाटक, चित्रपट आणि मालिका तिन्ही येतात. झी गौरव चॅनेल-समूहाचा, पण चित्रपट आणि नाटकांसाठी. ‘महाराष्ट्राचा फेवरेट कोण?’ प्रेक्षकांच्या मतांवरचा. झी मराठीचा ‘उत्सव नात्यांचा’ आणि स्टार प्रवाहचा ‘परिवार पुरस्कार’ हे त्या त्या चॅनेलच्या मालिकांसाठीच असतात.

१३. चॅनेलच्या सोहळ्यात सगळे पुरस्कार त्यांच्याच मालिकांना कसे?

कारण शर्यतीत दुसरं कुणी नसतंच. चॅनेलचा सोहळा म्हणजे घरचं हळदीकुंकू, आलेल्या प्रत्येकीला वाण मिळतं. ‘सर्वोत्कृष्ट सासू’, ‘सर्वोत्कृष्ट कुटुंब’, ‘सर्वोत्कृष्ट जोडी’ आणि उरलेल्यांसाठी प्रायोजकाच्या नावाचा ‘चेहरा’. यात फसवणूक काही नाही, कारण तसं ते उघडच असतं. फसतो तो प्रेक्षक, जो या बाहुलीची तुलना राज्य पुरस्काराशी करतो.

म्हणूनच गेल्या वर्षीची विजेती नायिका यंदा नामांकनातही का नाही, याचं उत्तर कधीकधी इतकंच असतं की ती दुसऱ्या चॅनेलवर गेली.

१४. माझ्या मताने काही फरक पडतो का?

‘लोकप्रिय’ शब्द असलेल्या विभागांत पडतो. ‘सर्वोत्कृष्ट’ असलेल्यांत सहसा परीक्षक ठरवतात. मत देण्याआधी नियमावलीत तीन ओळी शोधा: एका नंबरावरून किती मतं चालतात, मतदान कधी बंद होतं, आणि मतांना परीक्षकांच्या गुणांची जोड आहे का. एका मोबाईलवरून कितीही मतं चालत असतील, तर ती स्पर्धा अभिनयाची न राहता फॅनक्लबांची होते.

१५. २०२३ चा चित्रपट आणि राष्ट्रीय पुरस्कार २०२५ मध्ये? एवढा उशीर?

राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष म्हणजे सेन्सॉर प्रमाणपत्राचं वर्ष. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२३ या काळात प्रमाणपत्र मिळालेले चित्रपट ७१ व्या पुरस्कारांसाठी पात्र होते. घोषणा झाली १ ऑगस्ट २०२५ ला. कोविडमध्ये गाडी मागे पडली, ती अजून पूर्ण रुळावर आलेली नाही.

प्रदर्शनाची तारीख इथे चालत नाही, प्रमाणपत्राची चालते, हे पाठ करून ठेवा. प्रश्न १८ त्याशिवाय कळणार नाही.

१६. राष्ट्रीय पुरस्काराची निवड नेमकी कशी होते?

निर्माता अर्ज भरतो. अर्ज नाही तर विचार नाही. ‘अमक्या चित्रपटावर अन्याय झाला’ म्हणण्याआधी तो पाठवला होता का, ते बघावं. डब केलेला चित्रपट चालत नाही. आलेले चित्रपट आधी पाच विभागीय समित्या बघतात, मराठी पश्चिम विभागाकडे जातात. त्या आपल्या शिफारशी केंद्रीय समितीकडे पाठवतात आणि अंतिम निर्णय तिथे होतो. विभागात गळलेला चित्रपट केंद्रीय समिती परत मागवूनही बघू शकते. माहितीपट आणि लघुपटांच्या समित्या वेगळ्या.

अभिनयाच्या पुरस्कारात सगळ्या भाषा एकाच मांडवात असतात. त्यामुळे गिरीश कुलकर्णी (‘देऊळ’), उपेंद्र लिमये (‘जोगवा’), मिताली जगताप (‘बाबू बँड बाजा’) किंवा उषा जाधव (‘धग’) यांचा पुरस्कार ‘मराठीतला’ नसतो, तो देशातला असतो. विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी मिळाला तेव्हा तो इरफान खानबरोबर विभागून होता.

१७. सुवर्णकमळ आणि रजतकमळ यांत फरक काय? मराठीला सुवर्णकमळ किती वेळा?

सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन अशा मोजक्या विभागांना सुवर्णकमळ. अभिनय, तांत्रिक बाबी आणि ‘सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट’सारखे भाषिक पुरस्कार रजतकमळाचे. ७० व्या पुरस्कारांपासून रक्कम अनुक्रमे ३ लाख आणि २ लाख रुपये झाली. विशेष उल्लेखाला कमळ नाही, फक्त प्रमाणपत्र.

सगळ्या भाषांतला सर्वोत्कृष्ट चित्रपट हा मान मराठीला पाच वेळा मिळाला: ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’ (ब्यारी भाषेतल्या ‘ब्यारी’बरोबर विभागून), ‘कोर्ट’ आणि ‘कासव’. ‘श्यामची आई’ आणि ‘श्वास’ यांच्यामध्ये पन्नास वर्षांचं अंतर आहे आणि नंतरचे तीन तेरा वर्षांत आले, यावरून काय ते समजा.

१८. जो चित्रपट थिएटरात लागलाच नाही, त्याला पुरस्कार कसा?

प्रमाणपत्र असलं की पुरे (प्रश्न १५). ‘कासव’ला सुवर्णकमळ जाहीर झालं २०१७ च्या एप्रिलमध्ये आणि चित्रपट लागला ऑक्टोबरमध्ये. ‘कोर्ट’चाही पुरस्कार आधी, प्रदर्शन नंतर. ‘गोष्ट एका पैठणीची’ २०२० च्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, घोषणा जुलै २०२२ ला झाली आणि लोकांनी तिकीट काढून तो बघितला डिसेंबर २०२२ मध्ये.

ओटीटीचंही तेच. थेट ओटीटीवर आलेला तमिळ ‘सूरराई पोट्रु’ २०२० चा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, कारण त्याच्याकडे प्रमाणपत्र होतं. प्रमाणपत्र न घेता ओटीटीवर गेलेला चित्रपट कितीही चांगला असो, या दारातून आत येत नाही. छोट्या निर्मात्यांनी इथे हात आखडू नये.

१९. राज्य पुरस्कारांत नामांकनाच्या दिवशीच काहींना पुरस्कार मिळाल्याचं छापून येतं. चूक असते का?

चूक नसते. राज्य पुरस्कार दोन फेऱ्यांचे. पहिल्या फेरीत परीक्षक आलेले सगळे चित्रपट बघून नामांकनं काढतात. तांत्रिक आणि बालकलाकारांचे पुरस्कार त्याच वेळी जाहीर होतात. बाकीच्यांचा निकाल अंतिम फेरीनंतर, रंगमंचावर. सोहळा लांबला की दोन वर्षांचे एकत्र होतात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीला ६० वा आणि ६१ वा असे दोन्ही एकाच संध्याकाळी झाले. अशा वेळी बातमीत कुठल्या वर्षाचा विजेता कोण, यात हमखास गोंधळ होतो. वर्तमानपत्रापेक्षा शासनाची यादी बघा.

२०. आमचा चित्रपट ‘ऑस्करच्या शर्यतीत’ आहे अशी पोस्ट आली. अभिनंदन करायचं का?

आधी कुठल्या पायरीवर आहे ते विचारा. आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या विभागात प्रत्येक देश एकच चित्रपट पाठवतो आणि आपल्याकडे ती निवड फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया करते. आजवर मराठी गेले ते तीन: ‘श्वास’ (२००४), ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) आणि ‘कोर्ट’ (२०१५). तिन्ही पाठवले गेले, नामांकन एकालाही मिळालं नाही. या विभागात नामांकनापर्यंत पोचलेले भारतीय चित्रपटही तीनच: ‘मदर इंडिया’, ‘सलाम बॉम्बे’ आणि ‘लगान’.

याखेरीज पात्र चित्रपटांची एक लांबलचक यादी दरवर्षी निघते. ठरलेल्या अटींनुसार चित्रपट दाखवला आणि अर्ज भरला की तिच्यात नाव येतं. पोस्टमधली ‘शर्यत’ बहुतेकदा हीच असते. अभिनंदन करायला पैसे पडत नाहीत, पण पेढे वाटू नका. अपवाद: ‘आरआरआर’ भारताची अधिकृत निवड नव्हता (त्या वर्षी गुजराती ‘छेल्लो शो’ गेला होता), तरी ‘नाटू नाटू’ला गाण्याचं ऑस्कर मिळालं. इतर विभागांत देशाच्या शिफारशीची गरज नसते.

२१. मालिकेतल्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळतो का?

नाही. ते चित्रपटांसाठीच आहेत. ‘राष्ट्रीय पुरस्कारविजेती’ असं मालिकेच्या प्रोमोत येतं, तेव्हा तो तिच्या एखाद्या चित्रपटासाठी मिळालेला असतो.

२२. सोहळ्याचा पास कसा मिळवायचा? आणि टीव्हीवर महिन्याने का दाखवतात?

चॅनेलच्या सोहळ्यांचे पास सहसा विकत मिळत नाहीत. प्रायोजक, कलाकारांचे नातेवाईक आणि चॅनेलच्या स्पर्धांतले विजेते यांना जातात. कुणी पैसे घेऊन पास देत असेल तर त्यावरचं नाव आणि आसनक्रमांक आधी बघा.

मिळालाच तर तयारीने जा. सोहळ्याचं चित्रीकरण पाच-सहा तास चालतं. नाच चुकला की पुन्हा होतो, निवेदकाची कोटी पडली की पुन्हा होते, आणि टाळ्या तर आधीच वाजवून घेतात. तुम्ही हसताना दिसता तो विनोद तुम्ही ऐकलेला असेलच असं नाही. मग संकलन, प्रायोजकांच्या जाहिराती आणि प्रसारणासाठी बरा रविवार, यात काही आठवडे जातात. वरळीच्या डोम सभागृहाहून परतताना रात्र होते. महालक्ष्मी स्टेशनला टॅक्सीने या, आणि चर्चगेटहून शेवटची बोरिवली लोकल रात्री एकच्या सुमारास सुटते हे ध्यानात ठेवून शेवटचा पुरस्कार सोडा. तो कुणाला मिळाला ते गाडीत कळेलच.

२३. तुमच्या मते मराठी मालिकांना कुठला पुरस्कार खरंच द्यायला हवा?

संवादलेखनाचा, आणि तो मंचावर, जाहिरातीच्या वेळेत उरकून नव्हे. मराठीत पटकथा आणि संवाद पुष्कळदा दोन वेगळी माणसं लिहितात. रोज रात्री दुसऱ्या दिवशीचे सीन लिहिणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत एवढ्या वेगाने पळतं की त्याच्या आईलाही वाचता येत नाही.

दुसरा, वेळेवर संपलेल्या मालिकेचा. आणि शीर्षकगीताचा विभाग सगळ्यात प्रामाणिक, असं आमचं ठाम मत आहे. ‘आभाळमाया’ आणि ‘वादळवाट’ची गोष्ट आज कितीजणांना सलग सांगता येईल? पण अशोक पत्कींची चाल कुणी नुसती गुणगुणली तरी १९९९ ची रात्र, अल्फा मराठी आणि ताटातली आमटी एकदम आठवते. तिथे टीआरपी लागत नाही.

२४. क्विझमध्ये ‘श्यामची आई’ला राष्ट्रीय पुरस्कार २०२५ मध्ये मिळाला असं उत्तर बरोबर धरलं. ते १९५४ चं ना?

दोन्ही बरोबर, कारण चित्रपट दोन आहेत. आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाला १९५४ साली, पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. सुजय डहाके यांचा त्याच नावाचा चित्रपट ७१ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला, म्हणजे रजतकमळ. प्रश्न विचारणाऱ्याकडून वर्ष काढून घ्या. आणि उलट त्यालाच विचारा, १९५४ ला माहितीपटाचं सुवर्णपदक कुणाला गेलं? उत्तर ‘महाबलीपुरम’. बहुतेकांना येत नाही.